मेस्सीची मांडी आणि तुमच्या काकांची पोटरी

भुसावळच्या एका फुटबॉलवेड्या भाऊंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मेस्सी सामना चालू असताना गवतावर बसला आणि मग चालत थेट आत गेला, अशी क्लिप आमच्या ग्रुपवर फिरतेय. सगळे हवालदिल आहेत. या वयात स्नायू फाटला म्हणजे कारकीर्द संपली का? टीव्हीवर बघून दुखापत किती मोठी ते ओळखता येतं का? दुसरं म्हणजे आमच्या टीममध्ये रेल्वेत नोकरीला असलेले एक काका आहेत, वय ४३. परवा धावताना त्यांना मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कोणीच नव्हतं. आता लंगडत चालतात. दहा दिवसांवर स्पर्धा आहे. तोवर बरे होतील ना?"

भाऊ, मेस्सीचं नंतर बोलू. त्याच्या पायाशी डॉक्टरांची फौज उभी असते. काकांचं आधी.

"मागून लाथ बसली, पण मागे कोणीच नव्हतं" हे वाक्य खेळाडूंच्या पायावर काम करणाऱ्या कोणालाही सावध करतं. टाचेच्या वर जी जाड शीर हाताला लागते, ती अकिलीस टेंडन (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी शीर), तुटताना माणसाला नेमकं असंच वाटतं. काहींना 'फट्' असा आवाजही येतो. फसवणूक पुढे होते. पहिल्या झटक्यानंतर दुखणं बरंच कमी होतं, माणूस सपाट पावलाने चालू शकतो, पाऊल थोडंफार खालीवर हलवूही शकतो, कारण त्या कामाला दुसरे छोटे स्नायू असतात. मग घरचे म्हणतात, नस चढली असेल. तेल लावून चोळतात, गरम पाण्याने शेकतात, कोणीतरी हाड बसवणाऱ्याकडे घेऊन जातं. यात दोन-तीन आठवडे गेले की तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर सरकून तशीच जुळायला लागतात, आणि सोपं काम अवघड होऊन बसतं.

आज रात्रीच एक गोष्ट करा. काकांना पलंगावर पालथं झोपवा, दोन्ही पावलं पलंगाच्या कडेबाहेर लोंबकळू द्या. आधी चांगल्या पायाची पोटरी मुठीत धरून दाबा. पाऊल आपोआप खाली झुकेल. आता दुखऱ्या पायाची पोटरी तशीच दाबा. पाऊल हललंच नाही, किंवा दुसऱ्या पायाच्या मानाने अगदीच थोडं हललं, तर टेंडन तुटल्याची शंका पक्की धरा. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात बोट फिरवून बघा, खड्डा लागतो का. त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला मात्र सांगू नका. अर्धवट तुटलेली शीर त्यातच पूर्ण तुटायची.

शंका आली तर चोळणं बंद, शेकणं बंद, त्या पायावर भार बंद. पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत फळीला किंवा पुठ्ठ्याला बांधून सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा. काका रेल्वेचे आहेत, म्हणजे भुसावळचं रेल्वे हॉस्पिटल जवळच आहे. सोनोग्राफीत चित्र बहुतेक स्पष्ट होतं. ऑपरेशन करायचं की पाऊल खाली झुकवून प्लास्टर किंवा बूट घालायचा, हे डॉक्टर आणि काकांनी मिळून ठरवावं. वेळेत सुरुवात झाली आणि पुढचा व्यायाम नीट केला तर दोन्ही वाटांनी पाय चांगला होतो. प्लास्टर असताना पोटरी एकदम सुजली, तणतणली किंवा दम लागायला लागला, तर ते रक्ताच्या गुठळीचं लक्षण असू शकतं. तेव्हा सकाळची वाट पाहत बसू नका.

डॉक्टरांना आणखी एक गोष्ट आपणहून सांगा. गेल्या काही आठवड्यांत काकांनी ताप, लघवीचा संसर्ग, जुलाब अशा कशावर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? ही औषधं टेंडन कमकुवत करू शकतात, विशेषतः वय वाढलेल्यांमध्ये आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर. आपल्याकडे ती मेडिकलवरून मागून आणून खाल्ली जातात, आणि पायाशी त्यांचा संबंध असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. टाचदुखीसाठी कधी इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा.

पोटरी दाबल्यावर पाऊल व्यवस्थित झुकलं आणि दुखणं टाचेच्या वर नसून पोटरीच्या आतल्या, वरच्या बाजूला असेल, तर बातमी बरी आहे. तो बहुधा पोटरीचा स्नायू फाटला आहे. चाळिशीतल्या खेळाडूंची ही नेहमीची दुखापत. तीन-चार दिवसांनी घोट्यापाशी काळंनिळं दिसेल. घाबरू नका, वरचं रक्त खाली उतरतं. यालाही काही आठवडे लागतात.

म्हणजे दहा दिवसांच्या स्पर्धेत काका नाहीत, दोन्हींपैकी काहीही निघालं तरी. टेंडन असेल तर पुन्हा फुटबॉल म्हणजे निदान सहा महिने, बऱ्याचदा त्याहून जास्त. डेव्हिड बेकहॅमचं उदाहरण त्यांना सांगा, त्यांच्या पिढीचा खेळाडू आहे. १४ मार्च २०१० ला इटलीत मिलान क्लबकडून किएव्होविरुद्ध खेळताना त्याची अकिलीस अशीच गेली, कोणी धक्काही दिला नव्हता. वय ३४. लगेच फिनलंडला जाऊन ऑपरेशन झालं, जगातली उत्तम सोय मिळाली, तरी जूनमधला दक्षिण आफ्रिकेचा वर्ल्डकप हुकला आणि तो मैदानावर परतला सप्टेंबरमध्ये.

आता मेस्सी.

पहिली गोष्ट, तुमची क्लिप जुनी आहे. मागचे बोर्ड आणि पाहुण्या संघाची जर्सी पाहिली तर तो २ ऑगस्ट २०२५ चा, लीग्ज कपमधला (अमेरिका आणि मेक्सिकोच्या क्लबांची स्पर्धा) मेस्सीचा क्लब इंटर मायामी विरुद्ध नेकाक्सा सामना आहे. सुरुवातीलाच गोलसमोरच्या चौकोनाकडे मुसंडी मारताना तो बचावपटूंच्या गराड्यात पडला, थोडं खेळला, मग गवतावर बसला आणि ११ व्या मिनिटाला बाहेर गेला. क्लबने नंतर सांगितलं, उजव्या पायाच्या स्नायूला किरकोळ दुखापत. अशा क्लिपवर तारीख नसते आणि दर काही महिन्यांनी ती 'ताजी बातमी' म्हणून उगवते. पुढच्या वेळी ग्रुपवर हळहळायच्या आधी स्कोअरबोर्ड बघून घ्या.

तरी तुमचा प्रश्न खरा आहे. मेस्सी २४ जून १९८७ चा, वयाचा हिशेब तुम्हीच करा. अशी क्लिप कधीतरी खरोखर ताजीही असेल. तेव्हा काय बघायचं?

मांडीला हात लावला यावरून काहीच ठरत नाही. १३ डिसेंबर २०२२, कतारमधली क्रोएशियाविरुद्धची सेमीफायनल आठवा. पहिल्या हाफमध्येच तो मांडीच्या मागे हात लावताना दिसला आणि जगभर काळजी पसरली. त्याच सामन्यात ६९ व्या मिनिटाला त्याने क्रोएशियाचा बचावपटू ग्वार्दिओलला उजव्या कडेने सोबत ओढत नेलं, वळवलं, पुन्हा वळवलं आणि जोडीदार अल्वारेझला गोल वाढून दिला. पाच दिवसांनी फायनलमध्ये एक्स्ट्रा टाइमसकट पूर्ण खेळला, दोन गोल केले. मांडीत थकवा असेल, जुना व्रण ताणला असेल, पेटका येतोय असं वाटलं असेल, पण फाटलेला स्नायू अशी धाव देत नाही.

मी टीव्हीवर हातापेक्षा पावलं बघतो. मांडीच्या मागच्या बाजूचा स्नायू बहुतेक वेळा पूर्ण वेगात धावताना फाटतो, पाय पुढे फेकून जमिनीवर टेकण्याच्या अगदी आधी, कारण त्या क्षणी तो ताणलाही जात असतो आणि पायाला ब्रेकही लावत असतो. अशा वेळी खेळाडू धावेच्या मधोमध थांबतो. पुढची दोन-तीन पावलं गुडघा सरळ न करता टाकतो. चेंडू जवळून गेला तरी त्याच्याकडे बघत नाही, आणि बहुधा स्वतःच बेंचकडे हात करतो. पेटका आलेला माणूस याउलट खाली पडतो, जोडीदाराला पाय वर धरून ताणायला सांगतो, आणि ताणल्यावर त्याला आराम पडतो. फाटलेला स्नायू ताणला तर तो ओरडेल. आपल्या मैदानांवर दोन्हीला 'नस चढली' म्हणतात आणि दोन्हीवर एकच उपाय करतात, जोरात ताणणं. पेटका असेल तर ठीक. फाटलं असेल तर असलेली चीर मोठी करून देता तुम्ही.

आणि मेस्सी नुसता चालतोय हे लक्षण धरू नका. तो चालतोय म्हणून काळजी करायची तर गेली कित्येक वर्षं रोज करावी लागली असती.

धक्का लागून पडणं दिसायला भयंकर असतं, पण धक्का न लागता बसणं जास्त विचार करायला लावतं. २०२४ च्या कोपा अमेरिका फायनलमध्ये, १४ जुलैला, पहिल्या हाफमध्ये त्याच्या उजव्या घोट्याला मार बसला होता, तरी तो खेळत राहिला. दुसऱ्या हाफमध्ये जवळ कोणी नसताना धावता धावता कोसळला. मी तेव्हाच म्हटलं होतं, आता हा लवकर दिसत नाही. बेंचवर बसून रडणारा, टम्म सुजलेल्या घोट्याचा मेस्सी सगळ्यांनी पाहिला. लिगामेंटची, म्हणजे सांध्यात हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची, दुखापत निघाली आणि तो परतला १४ सप्टेंबरला. बरोबर दोन महिने. आल्या दिवशी दोन गोल.

वयाचं काय? वय काम करतंच. वेगवान धावेला लागणारे तंतू कमी होत जातात, टेंडनची झीज भरून यायला वेळ लागतो, बुधवारच्या सामन्याचा थकवा शनिवारीही उरतो. पण माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न वयाचा विचारत नाही. "याआधी हाच पाय कधी गेला होता?" हा विचारतो. युरोपातल्या मोठ्या क्लबांचा २१ हंगामांचा एक अभ्यास आहे. त्यात मागच्या मांडीच्या दुखापतींचं एकूण दुखापतींतलं प्रमाण १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेलेलं दिसलं, आणि दर शंभरातल्या सुमारे १८ पुन्हा त्याच जागी झालेल्या होत्या. त्या पुन्हा झालेल्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त मैदानावर परतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत झाल्या. हे जगातले सगळ्यात जपलेले पाय आहेत बरं, आणि तरी हे आकडे.

म्हणून मी चाहत्यांना सांगतो, तो बाहेर गेला त्या संध्याकाळी रडारड कशाला करता? तो परत येईल त्या आठवड्यांकडे बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये पुढे काय झालं ते यासाठी फार शिकण्यासारखं आहे. २ तारखेला बाहेर गेला. १६ तारखेला गॅलक्सीविरुद्ध हाफटाइमला उतरला, गोल केला, जोडीदार सुआरेझला टाचेने पास देऊन दुसरा करवला. झालं, बरा झाला, असं सगळे म्हणाले. २० तारखेला टिग्रेसविरुद्ध लीग्ज कपची क्वार्टरफायनल होती, तिथे त्याला खेळवलंच नाही. सुआरेझच्या दोन पेनल्टींवर संघ जिंकला. २७ तारखेला ऑर्लँडोविरुद्ध सेमीफायनलला तो उतरला आणि दोन गोल केले. मधल्या सामन्यात तो दिसला नाही म्हणून ज्यांनी 'पुन्हा दुखावला' अशी बोंब मारली, त्यांना मी उलट म्हणेन, तिथेच तर शहाणपण दिसलं. हातात असलेला हुकमी माणूस बाद फेरीत बसवून ठेवायला प्रशिक्षकाला छाती लागते.

याच्या उलट बाजूला ब्राझीलचा रोनाल्डो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुमारे पाच महिन्यांनी, १२ एप्रिल २००० ला, लाझिओविरुद्धच्या कप फायनलमध्ये तो बदली म्हणून उतरला, आणि काही मिनिटांतच, कोणी हात न लावता, गुडघ्याखालचं टेंडन पूर्ण तुटलं. वय होतं २३. म्हणजे 'म्हातारा झाला म्हणून तुटला' असंही म्हणता येत नाही. त्यानंतर मात्र त्याने वेळ घेतला, आणि २००२ च्या वर्ल्डकपमध्ये आठ गोल केले.

किती दिवस लागतील, हे कोणत्या भागात फाटलं आहे त्यावर जातं. स्नायूच्या आत टेंडनचा एक पट्टा लांबवर गेलेला असतो. केळीच्या बागेत वाऱ्याने पानं फाटून चिंध्या झाल्या तरी पान उभं राहतं, पण मधला दांडा मोडला की ते लोंबतं. तसंच हे. नुसते तंतू फाटले तर दोन-तीन आठवडे, आतला पट्टा गेला तर त्याच्या दुप्पट-तिप्पटही लागू शकतात, आणि घाई केली तर तोच पुन्हा जातो. हे नीट दिसतं ते एमआरआयमध्ये. म्हणून क्लब पहिल्या दिवशी तारीख देत नाही. तो काही लपवतोय असं समजू नका. एमआरआय कोरा आला तरी दुखणं खोटं ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

चाहत्यांच्या दबावाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाँगकाँगला मेस्सी जांघेच्या स्नायूच्या दुखण्यामुळे मैत्रीपूर्ण सामन्यात उतरला नाही. लोकांनी हुर्यो उडवली, पैसे परत मागितले, आयोजकांना तिकिटाचे निम्मे पैसे परत द्यावे लागले. तीनच दिवसांनी टोकियोत तो अर्धा तास खेळला, म्हणून आणखी चिडले. पण स्नायूचं दुखणं असंच असतं. रविवारी धावता येत नाही आणि बुधवारी अर्धा तास जमतो. महाग तिकीट काढलेल्या माणसाचा राग मला समजतो. त्या रागापायी खेळाडूला उतरवावं हे मात्र पटत नाही.

आपल्याकडे तिकीट नसतं, पण दबाव तोच. प्रमुख पाहुणे आलेत, बॅनरवर फोटो छापलाय, "काका, फक्त पहिला हाफ". काका रात्रपाळी करून आलेले, चार तासांची झोप, उन्हात भाजून दगड झालेली काळ्या मातीची जमीन, आणि वॉर्मअप म्हणजे मैदानाला एक चक्कर आणि चहा. पेनकिलरची गोळी घेऊन उतरवतात. दुखणं झाकलं जातं, फाटलेलं फाटलेलंच राहतं. "आठे दुखस" म्हणून माणूस बोट ठेवून जागा दाखवतोय, तेव्हा त्या बोटावर विश्वास ठेवा.

रेल्वेवाल्यांचा आणखी एक घोटाळा होतो. सिकमधून, म्हणजे आजारपणाच्या रजेतून, फिट होऊन ड्यूटीवर रुजू झाले, म्हणजे मैदानासाठीही फिट असं धरतात. ड्यूटीला चालता, जिने चढता आलं की पुरतं. फुटबॉलला पूर्ण वेगात धावून एकदम थांबता यावं लागतं. मी विचारतो ते असं: दाबून दुखत नाही ना? दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी आहे का? पूर्ण वेगाच्या सहा-आठ धावा मारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा वाटला? टीमबरोबर पूर्ण सराव दोन-तीनदा केला का? या सगळ्याला होकार मिळाल्यावर आधी शेवटची वीस मिनिटं, मग अर्धा सामना.

आणि चाळिशी म्हणजे शेवट, असं कोणी काकांना म्हणू नये. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ ला कुवेतविरुद्ध भारतासाठी निरोपाचा सामना खेळला, मार्च २०२५ मध्ये पुन्हा बोलावणं आलं आणि वयाच्या ४० व्या वर्षी मालदीवविरुद्ध त्याने गोल केला. झ्लाटान इब्राहिमोविचचा गुडघा एप्रिल २०१७ मध्ये गेला, वय ३५, आणि नोव्हेंबरमध्ये तो मँचेस्टर युनायटेडकडून पुन्हा खेळत होता. काकांना वर्षभराने खेळायचं असेल तर खुशाल खेळू द्या.

टीममध्ये पस्तिशीपुढचे आणखी कोणी असतील तर त्यांच्यासाठी दोन व्यायाम. एक नॉर्डिक: सतरंजीवर गुडघे टेका, मागून कोणीतरी घोटे धरेल, पाठ सरळ ठेवून शक्य तितकं हळू पुढे झुका, तोल सुटला की हातांवर या. हा नियमित करणाऱ्या संघांत मागच्या मांडीच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आलेल्या दिसल्या आहेत. दुसरा पोटरीचा: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच वर, मग सावकाश खाली, गुडघा सरळ ठेवून आणि पुन्हा गुडघा थोडा वाकवून. सुरुवात आठवड्यातून दोनदा, पाच-सहा वेळांपासून करा. पण स्पर्धेच्या आधीच्या या दहा दिवसांत नॉर्डिक सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून येतात की खुर्चीतून उठणंही नको वाटतं. फायनल झाली की पुढच्या सोमवारपासून धरा.